साडेचारशेची मॅक्रो लेन्स आणि गांधीलमाशीचं सोंग

मोबाईलला चिमट्याने लावायची, बारीक गोष्टी जवळून मोठ्या दाखवणारी १०एक्स मॅक्रो लेन्स ऑनलाइन ४५० रुपयांना घेतली, कंपनीबिंपनीचं नाव काही नाही तिच्यावर, गणपतीत कुडाळजवळ गावी गेलो तेव्हा रोज वापरली म्हणून लिहितोय.

आधी रडगाणं. चिमट्याचं रबर चौथ्या दिवशी निघालं, मोबाईलचं कव्हर काढल्याशिवाय ती नीट बसत नाही, फोटोच्या कडा धुरकट येतात आणि पावसाळी हवेत काच सारखी घामेजते. सगळ्यात मोठी गोच म्हणजे फोकस फक्त इंचभर अंतरावरच मिळतो, आता इंचभरावर मोबाईल नेल्यावर कुठली मधमाशी थांबणार सांगा, फुलपाखरांचं तर नावच काढू नका, दोन दिवसांत माझ्याकडे हललेल्या पानांचे शंभरेक फोटो जमले.

तिसऱ्या दिवशी गडग्याजवळ एकदांडीच्या फुलावर काळी, पोटावर पिवळे पट्टेवाली गांधीलमाशी बसलेली दिसली. काकी लांबूनच ओरडली, "रे, हात लावू नको, चावात ती!" पण माशी ढिम्म, मोबाईल अगदी टेकवला तरी उडेना, तेव्हाच शंका आली. लेन्समधून बघितलं तर तो चक्क पतंग! अमाटा जातकुळीतला, दिवसा फिरणारा. खऱ्या गांधीलमाशीची कंबर दोऱ्याएवढी असते, ह्याची आपली सरळ जाडजूड, नुसते पट्टे रंगवलेले, पंखांवर खवले नसलेल्या पारदर्शक खिडक्या आणि तोंडाला जबडे नाहीत तर गुंडाळलेली सोंड. नांगी नाहीच, सगळा कारभार बतावणीवर. बेट्स नावाच्या इंग्रजाने ॲमेझॉनच्या जंगलात ११ वर्षं किडे गोळा करून १८६२ साली अशा सोंगाबद्दल लिहिलं होतं, म्हणून त्याला बेट्सियन मिमिक्री म्हणतात.

तर मुद्दा असा की जी लेन्स बाकी कशालाच धड चालत नाही ती ह्या पतंगांना बरोब्बर चालते, कारण आपल्याला कोण हात लावतंय ह्या तोऱ्यात ते बसून राहतात. एकदांडीचं फूल म्हणजे खरं तर बारीक फुलांचा गुच्छ, पतंग एकेका नळीत सोंड घालतो, काढतो, पुढच्या नळीत घालतो, आणि एका फोटोत सोंडेच्या मुळाशी पिवळे परागकण चिकटलेले एवढे स्वच्छ आलेत की काकीला दाखवल्यावर तीच म्हणाली, "ह्येका तर हळद लागली!"

आता पराग लागले म्हणजे परागीभवन झालंच असं नाही हां, ते दुसऱ्या फुलाच्या कुक्षीवर पडायला हवेत, आणि ते ह्या लेन्सने कळत नाही, पतंग उडाला की दुसऱ्या फुलावर गाठून परत फोकस लावेपर्यंत तो तिसऱ्यावर असतो. दोनदाच जमलं. घाणेरीवर युक्रोमिया नावाचा निळा-नारिंगी झगमगीत पतंगही दिसला, पण तिथे वारा होता, सगळे फोटो वाया.

माझ्याकडून ५ पैकी ३. घ्यायची तर सकाळी ऊन तापायच्या आत वापरा, वारा पडलेला असताना, आणि सोबत केसांचं रबर ठेवा, माझा चिमटा सध्या पुतणीच्या रबरावरच उभा आहे. काचेला बुरशी धरली तर इथेच कळवतो.