बर्डीत मिळणारा मुलींचा बॉक्सिंग सेट: बँडेज उत्तम, ग्लोव्हज सरावापुरते, हेडगार्ड नकोच

नागपूरच्या सीताबर्डीतल्या (बर्डी) खेळसाहित्याच्या दुकानांत सध्या 'लेडीज कॉम्पिटिशन सेट' या नावाने एक खोका मिळतो. आत 10 औंसचे ग्लोव्हज, हेडगार्ड, ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या बँडेजची जोडी, टीथगार्ड आणि छातीचं गार्ड असतं. किंमत 3,400 रुपये, थोडी घासाघीस केली की 3,100. कंपनी फारशी कुणाला माहीत नाही, आणि दुकानाचं नाव इथे मुद्दामच दिलेलं नाही, कारण हाच माल दोन-तीन ठिकाणी वेगवेगळ्या स्टिकरखाली दिसतो. क्लबमध्ये नाव घातलेल्या मुलीच्या आईबाबांनी हा घ्यावा का, एवढाच प्रश्न आहे. थोडक्यात सांगायचं तर पूर्ण सेट घेऊ नये, सुटं सामान घ्यावं.

खोक्यावर 'कॉम्पिटिशन' छापलंय, तर कसही स्पर्धेचाच लावायला हवा. त्यासाठी तुर्कस्तानची बॉक्सर बुसेनाझ सुरमेनेलीची कारकीर्द सोयीची आहे. 2019 मध्ये रशियातल्या उलान-उदे इथे ती 69 किलो वजनगटात जगज्जेती झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये 4 ऑगस्ट 2021 ला उपांत्य फेरीत तिने आपल्या लवलीना बोरगोहेनला 5-0 ने हरवलं आणि मग चीनच्या गू होंगला हरवून सुवर्ण घेतलं. 2022 ला इस्तंबूलमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, 66 किलोत पुन्हा जगज्जेती. पॅरिसला मात्र उपांत्यपूर्व फेरीतच थायलंडच्या जानजेम सुवान्नाफेंगने तिला बाहेर काढलं. (50-51 किलोतली बुसे नाझ चाकिरोग्लू ही वेगळी. टोकियो आणि पॅरिस, दोन्हीकडे रौप्य जिंकणारी आणि भारताच्या निखत झरीनशी जिची गाठ वारंवार पडली ती. नावांत गल्लत होते म्हणून सांगितलं.)

आता दुकानात काय होतं ते बघा. मुलगी 66-67 किलोची म्हटली की काउंटरवरचा माणूस म्हणतो, "ताई, पासष्टच्या वर आहे नं, मग बाराच घेऊन घ्या." त्याच्या डोक्यात पुरुषांचा तक्ता असतो. टोकियोत 69 किलोच्या पुरुषाच्या हातात 12 औंस होते आणि त्याच 69 किलोतल्या सुरमेनेलीच्या हातात 10. महिलांच्या सगळ्या वजनगटांना 10 औंसच. आपल्या नागपूरची अल्फिया पठाण 2021 मध्ये पोलंडमधल्या किएल्त्से इथे 81 किलोवरच्या गटात युवा जगज्जेती झाली, त्या गटालाही हेच माप. दुसरा फरक हेडगार्डचा. एलिट, म्हणजे वरिष्ठ गटातले, पुरुष 2013 पासून हेडगार्डशिवाय खेळतात, महिलांना ते सक्तीचं आहे. म्हणजे मुलींच्या सेटमध्ये सगळ्यात जास्त लक्ष ज्यावर द्यायला हवं ते हेडगार्ड, आणि या खोक्यात नेमकं तेच सगळ्यात वाईट आहे.

आधी ग्लोव्हज. 10 औंस म्हणजे एका हाताला 284 ग्रॅम. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर डावा 271 भरला, उजवा 296. एका जोडीत 25 ग्रॅमची तफावत हा भरणीतला निष्काळजीपणा आहे. सरावाला त्याने काही बिघडत नाही, पण ज्या मालावर 'कॉम्पिटिशन' लिहिलंय त्यात हे चालत नाही. तसंही बऱ्याच स्पर्धांत लढतीचे ग्लोव्हज आयोजकच लाल आणि निळ्या कोपऱ्यानुसार देतात. स्वतःचे ग्लोव्हज लागतात ते बॅग आणि फोकस पॅडसाठी (प्रशिक्षक हातात धरतो ते पॅड), आणि स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, तर 14 किंवा 16 औंस. म्हणून या 10 औंसांचा उपयोग मुळात मर्यादित. 12 तर ना लढतीला, ना स्पॅरिंगला.

भरणी तपासायची साधी रीत: अंगठ्याने नकलच्या, म्हणजे मुठीच्या पुढच्या हाडांच्या, वर जोरात दाबा आणि सोडा. फोम लगेच वर आला तर ठीक. खड्डा रेंगाळला तर आत एकसंध थर नाहीत, फोमचे तुकडे किंवा चिंध्या आहेत. या ग्लोव्हजमध्ये पुढच्या बाजूला थर बरे आहेत, मात्र अंगठ्याच्या बुडाशी बोट लावलं की शिवणीपर्यंत पोचतं. हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारताना मूठ जरा जरी वळली की मार अंगठ्याच्या बुडावरच येतो, आणि मुरगळतो तोही तिथेच. अंगठा ग्लोव्हजच्या अंगाला शिवलेला आहे, हे मात्र चांगलं. आतली पोकळी पुरुषी हाताची. बँडेज बांधूनही बारीक हात आत डावीउजवीकडे फिरतो. मनगटाचा व्हेल्क्रो पट्टा पूर्ण आवळल्यावर टोक पट्ट्याच्या बाहेर लोंबतं आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर, दंडावर घासतं. लढतीत रेफरी ते टेपने झाकायला लावेल. 45 किलोच्या खालच्या मुलीने हे ग्लोव्हज घेऊच नयेत.

हेडगार्डकडे येऊ. कपाळावरचा थर जाड आहे, बघताना छान वाटतं. पण गालांवरचे पॅड इतके आत आलेत की हनुवटी छातीशी घेऊन गार्डमध्ये उभं राहिलं की खालून येणारा अपरकट दिसत नाही. सुरमेनेलीसारखी खेळाडू उंच प्रतिस्पर्धीच्या आत शिरून खेळते. तिथे ठोसा वरून येतो त्यापेक्षा खालून जास्त येतो. नजरेचा खालचा भाग झाकणारं हेडगार्ड अशा खेळाला घातक.

त्याहून मोठी गोष्ट केसांची. मागचा पट्टा एकच, आडवा, रुंद व्हेल्क्रोचा. लांब केसांचा अंबाडा घातला की पट्टा त्याच्या वर चढतो, अंबाडा खाली ओघळला की सैल पडतो, आणि हेडगार्ड पुढे सरकून भुवयांवर येतं. मग रेफरी लढत थांबवतो, कोपऱ्यात नीट करायला पाठवतो. तीन मिनिटांच्या राउंडमध्ये लय तुटायला एवढं पुरतं. मुलींसाठी हेडगार्ड घेताना डोक्याच्या वरून जाणारी दोरी आणि मागे खालच्या बाजूला, मानेच्या वळणाशी बसणारा पट्टा हवाच. केस दोन घट्ट वेण्यांत, डोक्याला चिकटून, वर जाळी किंवा पातळ टोपी. क्लिपा आणि पिना अजिबात नकोत.

दुकानातच करायची चाचणी अशी. केस लढतीसारखे बांधून जा. हेडगार्ड घालून पट्टा लावा, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकाच सैल. मग कुणाला तरी कपाळावरचा भाग धरून उजवीकडे-डावीकडे वळवायला सांगा. डोकं सोबत वळायला हवं. नुसतं हेडगार्डच फिरत असेल तर परत द्या. त्यानंतर समोर बघत, मान न हलवता, स्वतःच्या कमरेजवळ धरलेली मूठ दिसते का ते पाहा. शेवटी कानाच्या छिद्रावर हात ठेवा: कानाची पाळी मुडपली जात असेल तर अर्ध्या तासात दुखायला लागते. या सेटमधलं हेडगार्ड तीनपैकी दोन चाचण्यांत नापास. कान तेवढे सुखी.

बँडेज मात्र अपेक्षेपेक्षा चांगली. रुंदी 5.7 सेंटिमीटर, म्हणजे नियमातलीच. लांबी न ताणता 4.2 मीटर, नियमाच्या 2.5 ते 4.5 मीटरमध्ये बसणारी. कापड किंचित ताणणारं, व्हेल्क्रो पक्का. लहान हाताला ही लांबी जास्त होते, ग्लोव्हजमध्ये मूठ नीट मिटत नाही. तिथे टोकाचा व्हेल्क्रो उसवून 3 ते 3.5 मीटरवर पुन्हा शिवून घ्यावा. कोपऱ्यावरचा शिंपी दहा मिनिटांत करून देईल.

बांधताना बोटं फाकवलेली आणि मनगट सरळ. अंगठ्यात फास, मनगटावर तीन फेरे, हाताच्या पाठीवरून तिरकं वर, नकलवर तीन फेरे. मग करंगळीकडून सुरू करून प्रत्येक दोन बोटांच्या मधून एक पदर, दर वेळी मनगटाकडे परत. अंगठ्याला एक वेढा, नकलवर पुन्हा एक, आणि उरलेली सगळी मनगटावर. बोटं मिटून बांधली तर मूठ वळताना कापड ताणतं, बोटं निळी पडतात. सगळी लांबी नकलवर संपवली तर मनगट उघडं राहतं, आणि नवख्या मुलींच्या तक्रारी बहुतेक मनगटाच्याच असतात.

टीथगार्ड उकळून चावायचं. सेटमध्ये लाल रंगाचं आलं, तर दुकानातच बदलून घ्या: लाल रंगाला स्पर्धेत परवानगी नाही, कारण रक्त आलं की नाही ते रेफरीला कळायला हवं. उकळी आली की गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, वीसेक सेकंद बुडवा, क्षणभर थंड पाण्यात, मग तोंडात. हवा आत ओढत चावा, बाहेरून ओठांवरून बोटांनी दाबा. उकळत्या पाण्यात जास्त वेळ राहिलं की कडा वितळून आकार जातो, मग ते फेकायचंच. दातांना तारा असतील तर हे नको, दंतवैद्याकडून करून घ्या. छातीचं गार्ड सक्तीचं नाही. यातलं कडक प्लास्टिकचं आहे, काखेत टोचतं. त्यावर वेळ घालवू नका.

आता नागपूरचं हवामान. मे महिन्यात मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात संध्याकाळचा सराव संपला की ग्लोव्हज घामाने जड झालेले असतात, आणि ते तसेच स्कूटीच्या डिक्कीत जातात. दुसऱ्या दिवशी दुपारी 44-45 अंशांत ती डिक्की भट्टीसारखी तापते. वरचं कातडं कृत्रिम आहे, एका उन्हाळ्यात नकलजवळ पापुद्रे सुटतील. थेट उन्हातही ठेवू नका. तोंड उघडं करून, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून पंख्याखाली टांगा, तासाभराने कागद बदला. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास: वाळत नाही म्हणून अस्तराला बुरशी धरते. बँडेज रोज धुवायची, म्हणून दोन जोड्या लागतात.

खरेदीचा हिशोब असा: या मेकची बँडेज सुटी 250 रुपयांना मिळते, दोन जोड्या घ्या. टीथगार्ड सुटं घ्या, पारदर्शक किंवा निळं. ग्लोव्हज पहिल्या वर्षी 14 औंसचेच, बॅगला आणि स्पॅरिंगला एकच जोडी पुरते. उरलेले पैसे हेडगार्डवर लावा, आणि ते मुलीला सोबत नेल्याशिवाय विकत घेऊ नका. दुकानदार खोका फोडून सुटं द्यायला आढेवेढे घेतो, पण महिन्याच्या शेवटी किंवा क्लबमधून चार-पाच मुलींची खरेदी एकदम नेली तर ऐकतो. बिल घ्या आणि त्यावर 'साइझ बदलून मिळेल' असं लिहून घ्या, कारण खोक्यावरचं 'एम' माप हेडगार्डला वेगळं आणि ग्लोव्हजला वेगळं निघतं.