पासिंगच्या तोंडावर पाटा बदलला आणि फसलो

माझी टाटा ४०७, २००९ची. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून दादरला गोण्या टाकायच्या, हेच काम. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे फिटनेस तपासणी. तारीख चार दिवसांवर आली होती आणि मागून खडखड येत होती, म्हणून वडाळ्याच्या एका गॅरेजात गाडी घातली. ओळखीचा मिस्त्री गावी गेला होता, नाहीतर तिकडे फिरकलोही नसतो.

शेठने मला चहा पाजला. तेवढ्यात आतून हाक आली, "दादा, इकडे या, बघा." मागचे दोन्ही शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारी नळकांडी, तेलाने ओले. वर गाडी डावीकडे झुकलेली. "मेन पाटा बसलाय, पासिंगला उभी नाही करणार कोणी." मेन पाटा म्हणजे चाकावरच्या लोखंडी पट्ट्यांच्या चळतीतली सगळ्यात वरची पट्टी, आणि बसला म्हणजे तिचा बाक गेला. पाटा आणि शॉकअप बदलायचे साडेअठरा हजार सांगितले, सतरावर तुटलं. मी पासिंगच्या घाईत होतो आणि हे त्यांना माझ्या तोंडावरून कळलं असणार. संध्याकाळी काळाकुळकुळीत रंगवलेला पाटा बसवून गाडी दिली. पासिंग झालं.

सात आठवडे गेले. ४५ गोण्या भरून निघालो, वाशीचा खाडीपूल उतरलो आणि मानखुर्दच्या अलीकडे मागे 'खाड्' झालं. गाडी खेकड्यासारखी तिरकी चालायला लागली. मेन पाटा मधोमध, सेंटर बोल्टपाशी तुटला होता, एक्सल मागे सरकलेला. पहाटे तीन वाजता दुसरी गाडी बोलावून गोण्या फिरवल्या, त्याची मजुरी वेगळीच.

गावाहून परतलेल्या माझ्या मिस्त्रीने तुकडा हातात घेतला आणि नाण्याने रंग खरवडला. खाली गंज. खालच्या पाट्याचं टोक घासून पडलेली खाच, बोट रुतेल एवढी. नव्या पाट्याला ती कुठून येणार? कुठल्या तरी गाडीचा जुना पाटा ठोकून, कमान देऊन रंगवलेला. थंड ठोकलेली कमान भाराखाली परत बसते, आणि ठोकताना बारीक चीर पडली तर ती वाढत जाते.

मग शॉकअपचं विचारलं, तर तो हसलाच. खरा गळणारा शॉकअप महिन्या-दोन महिन्यांत धूळ धरतो, त्यावर चिखलासारखा थर बसतो. मला दाखवलेले ओले, चकचकीत आणि स्वच्छ होते. वरून तेल ओतलेलं! माझे चांगले शॉकअप त्यांनी ठेवून घेतले आणि मला कोणते लावले ते देवच जाणे. झुकणंही तसंच. गाडी गटाराच्या उतारावर उभी होती, मी चहा पीत होतो.

परत गेलो तर शेठ म्हणाला, "बिलावर नवा पाटा लिहिलाय का?" कच्चं बिल. लिहिलं होतं, 'पाटा काम'.

मूळ खडखड कशाची होती? शॅकल पिनच्या, म्हणजे पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पिनच्या बुशची. ग्रीस भरायचं तोंड, म्हणजे निप्पल, मातीने बुजलं होतं, पिनपर्यंत ग्रीस जातच नव्हतं. पिन, बुश आणि मजुरी मिळून बावीसशे रुपयांत आवाज बंद.

आता सपाट जागी, गाडी रिकामी करून, टेपने चाकाच्या मध्यापासून चेसिसपर्यंत दोन्ही बाजू मोजतो आणि आकडे वहीत टाकतो. फरक महिन्या-महिन्याला वाढत असला तर पाटा बसतोय. पाट्याला चीर दिसली की मात्र वाट न बघता पाटा बदलायचा, आणि वेल्डिंग तर मुळीच नको, वेल्डिंगच्या कडेलाच पुन्हा तुटतो. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट नवेच घ्यायचे, आणि दोन-तीन भरलेल्या फेऱ्यांनंतर परत आवळून घ्यायचे. काढलेला प्रत्येक पार्ट गाडीत टाकून घरी आणतो. बायको म्हणते गॅलरीचं भंगारवाल्याचं दुकान झालंय.

गेल्या आठवड्यात भाच्याला कोणीतरी सांगितलं, "शॉकअप गळतोय, आजच बदला." मी म्हटलं, फडक्याने कोरडा पूस आणि वाशीच्या दोन फेऱ्या मार. मारल्या त्याने. शॉकअपवर नुसती कोरडी धूळ, तेल नाही.