डेमिटचे सेंट लुईस कार्ड: माझ्या फसवणुकीची हकिगत

जुनी बेसबॉल कार्डे, म्हणजे खेळाडूंची चित्रे छापलेली कार्डे, जमवणारी मराठी माणसे फार नसतील, पण अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या काही घरांतून, बहुतेक वेळा मुलांच्या निमित्ताने, या छंदात शिरलेली मंडळी माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांतील दोघांनी गेल्या वर्षभरात मला विचारले की संघ बदललेल्या खेळाडूंची कार्डे घ्यायला कुठून सुरुवात करावी. त्यांना जे सांगितले ते येथे सविस्तर लिहीत आहे. मी ३,२०० डॉलर देऊन एक बनावट कार्ड विकत घेतले, दोन वर्षे ते अस्सल समजून जपले आणि ते बनावट असल्याचे कळले तेव्हा पैसे परत मिळवण्याचा एकही मार्ग माझ्या हाती उरलेला नव्हता.

मी न्यू जर्सीत राहते. माझ्या वडिलांचा सांगलीत अक्षरांचे खिळे जुळवून छापण्याचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिले आणि बिलबुके हे त्यांचे पोटापाण्याचे काम. पण जुन्या शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेल्या, चित्रांचा त्यांना मनापासून नाद होता आणि मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातून निघालेली दोन चित्रे आमच्या माजघरात कितीतरी वर्षे टांगलेली होती. त्यामुळे माझ्या मुलाने शाळेत असताना एक जुने, कोपरे झिजलेले बेसबॉल कार्ड घरी आणले, तेव्हा खेळाडू कोण हे मला कळले नाही, पण छपाई दगडावरची आहे हे मात्र पाहताक्षणी कळले. ते कार्ड टी-२०६ या मालिकेतले होते. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात आपल्या सिगारेटच्या पाकिटांतून आणि तंबाखूच्या पुड्यांतून ही कार्डे वाटली. मालिकेला हा क्रमांक दिला तो जेफरसन बर्डिक या संग्राहकाने. त्याचा सारा संग्रह आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

मुलाचा नाद दोन वर्षांत संपला, माझा वाढत गेला. पुढे मी एकच विषय धरला: मालिका छापली जात असतानाच ज्या खेळाडूने संघ बदलला आणि त्यामुळे ज्याच्या कार्डावरचे संघाचे नाव मध्येच बदलावे लागले, अशी कार्डे. आपल्याकडे पोथ्यांच्या अभ्यासात ज्याला पाठभेद म्हणतात, तसाच हा प्रकार आहे. बिल डालेनचे एक कार्ड बोस्टनचे आहे आणि दुसरे ब्रुकलिनचे, कारण १९१० मध्ये तो ब्रुकलिनचा व्यवस्थापक झाला. एल्बरफेल्ड न्यूयॉर्कचाही आहे आणि वॉशिंग्टनचाही. नंतरच्या काळातही असे पाठभेद आहेत. टॉप्स या कार्डे छापणाऱ्या कंपनीच्या १९७४ च्या मालिकेत सॅन दिएगो पाड्रेस संघाच्या काही कार्डांवर शहराचे नाव वॉशिंग्टन असे छापले गेले, कारण तो संघ वॉशिंग्टनला हलणार असे ठरल्यासारखेच होते. पुढे मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉक यांनी संघ विकत घेतला, तो सॅन दिएगोतच राहिला आणि कार्डे दुरुस्त झाली. मीही एका गावाची होते आणि दुसऱ्या गावाची झाले, म्हणून असेल, पण एकाच माणसाची एकाच चित्राची दोन कार्डे, खाली दोन वेगळ्या गावांची नावे, अशी जोडी शेजारीशेजारी लावली की मला फार समाधान मिळत असे.

टी-२०६ मधील अशा जोड्यांत सर्वांत अवघड दोन आहेत. रे डेमिट १९०९ मध्ये न्यूयॉर्क हायलँडर्सकडून, म्हणजे पुढे ज्यांना यांकीज म्हणू लागले त्या संघाकडून खेळला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची रवानगी सेंट लुईस ब्राउन्सकडे झाली. बिल ओ'हारा न्यूयॉर्क जायंट्सकडून सेंट लुईस कार्डिनल्सकडे गेला. या दोघांची सेंट लुईस नावाची कार्डे केवळ पोलर बेअर नावाच्या तंबाखूच्या पुड्यांतून आली. इतर कोणत्याही तंबाखूची जाहिरात त्यांच्या पाठीवर सापडत नाही. त्यामुळे न्यूयॉर्कचा झिजलेला डेमिट शंभर डॉलरच्या आत मिळतो आणि तितकाच झिजलेला सेंट लुईसचा डेमिट काही हजार डॉलरना जातो. चित्र तेच, आकार तोच, कागद तोच. फरक खालच्या पांढऱ्या पट्टीवरील तपकिरी अक्षरांत आणि पाठीवरील जाहिरातीत. या छंदात येणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य मनात ठेवावे, कारण माझी फसवणूक नेमकी याच फटीतून झाली.

विक्रेता मला पेनसिल्व्हेनियात एका हॉटेलच्या सभागृहात भरलेल्या कार्ड प्रदर्शनात भेटला. वयाने साठीच्या पुढचा, बोलणे सावकाश, कोणतेही कार्ड घेण्यासाठी गळ न घालणारा. तीन वर्षांत मी त्याच्याकडून अकरा कार्डे घेतली आणि ती अकराही अस्सल होती, हे मी नंतर तपासून घेतले आहे. डालेनची जोडी त्याच्याकडचीच. एकदा तर माझ्या हातातल्या कार्डाचा एक कोपरा रंगवलेला आहे असे त्याने स्वतःहून सांगून दहा डॉलर कमी केले. आज मला वाटते की ते दहा डॉलर म्हणजे त्याने माझ्या विश्वासात घातलेले भांडवल होते. त्या वेळी मात्र घरी येऊन मी यजमानांना म्हणाले होते की इतका सरळ माणूस या व्यवहारात दुसरा नसेल.

सेंट लुईसचा डेमिट मिळाल्याचे त्याने फोन करून कळवले. एका जुन्या घरातील सामान विकले जात असताना तंबाखूच्या डब्यात काही कार्डे सापडली, त्यांत हे होते, असे त्याचे म्हणणे. कार्ड प्रतवारी न केलेले, म्हणजे कोणत्याही कंपनीने तपासून प्लॅस्टिकच्या पेटीत बंद न केलेले होते. मी कारण विचारले. पाठीवर तंबाखूचा डाग असल्यामुळे श्रेणी खालचीच मिळेल, मग शुल्क आणि दोन-तीन महिन्यांची वाट कशाला, असे उत्तर आले. ते पटण्यासारखे होते, कारण पोलर बेअर हा पुडीतला सुटा तंबाखू असल्याने त्यातील कार्डांवर डाग असतातच. मी खालच्या अक्षरांचे मोठे केलेले छायाचित्र मागितले. त्याने पाठविले ते पाठीचे. गडद निळ्या रंगावर पांढरी अक्षरे, उजव्या कडेला तांबूस डाग. ते पाहून मला इतका आनंद झाला की जे मागितले होते ते आलेच नाही, याकडे माझे लक्ष गेले नाही.

पैसे त्याने अशा पद्धतीने मागितले की जी घरच्या माणसांना आणि मित्रांना पैसे पाठवण्यासाठी असते. शुल्क वाचेल, ते आपण किमतीतून वजा करू, असे तो म्हणाला. या पद्धतीत खरेदीदाराला कोणतेही संरक्षण नसते. हे मला माहीत होते आणि तरीही अकरा व्यवहारांच्या भरवशावर मी पैसे पाठविले. कार्ड टपालाने चार दिवसांत आले.

आल्याबरोबर मी ते तपासले नाही असे नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरले. आजच्या कागदात जी पांढरेपणा आणणारी रसायने घालतात, ती या दिव्याखाली निळसर चमकतात. शंभर वर्षांपूर्वीचा कागद चमकत नाही. माझे कार्ड पुढून मंद होते, मागूनही मंद होते. कडेला एक बारीक फिकट रेघ तेवढी दिसली. जुन्या वहीत कार्ड चिकटवलेले असेल, त्याची खळ राहिली असेल, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला. चित्र भिंगाखाली पाहिले. ते दगडावरचेच होते, बारीक ठिपक्यांनी भरलेले, रंग एकावर एक चढवलेले. पाठ पाहिली, तीही अस्सल. मग ते न्यूयॉर्कच्या डेमिटशेजारी लावले आणि मुलाला छायाचित्र पाठविले.

दोन वर्षांनी विम्यासाठी मूल्य ठरवायचे म्हणून संग्रहातली सात कार्डे प्रतवारीला पाठविली. सहा श्रेणी घेऊन आली. सातवे श्रेणीविना परत आले आणि सोबतच्या चिठ्ठीवर फेरफार केलेले असा शेरा होता. मी दुसऱ्या कंपनीकडे पाठविले, तेथूनही तेच. शेवटी ओळखीच्या एका जुन्या संग्राहकाने, जे स्वतः कागदाच्या संवर्धनाचे काम करतात, आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली ते मला दाखविले. ते अर्ध्या तासाचे पाहणे मी विसरणार नाही.

आधी त्यांनी माझेच न्यूयॉर्कचे कार्ड ठेवले. खालच्या पट्टीचा पृष्ठभाग गुळगुळीत, अक्षरांच्या कडा स्वच्छ. मग सेंट लुईसचे. खेळाडूच्या नावापर्यंत सारे तसेच, आणि त्यापुढे, गावाच्या नावापाशी, कागदाचे तंतू उभे राहिलेले. तेथील मूळ अक्षरे खरवडून काढली होती. खरवडल्यामुळे कागदाची घोटाई गेली होती आणि त्यावर नव्याने घातलेली शाई फुटली होती. अगदी तशीच, जशी कच्च्या कागदावर फुटते आणि जशी ती फुटली की वडील ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे छपाईयंत्र, थांबवून सगळे कागद बाजूला काढत. तपकिरी रंगही नावाचा वेगळा आणि गावाचा वेगळा होता. साध्या उजेडात कळत नव्हते. दिवा बाजूने तिरपा धरला की उघड्या डोळ्यांनीही कळत होते. म्हणजे सूक्ष्मदर्शकाचीसुद्धा गरज नव्हती. छापखान्यात वाढलेल्या माझ्यासारखीने कार्डाचा सगळा भाग तपासला आणि ज्यासाठी पैसे दिले ती अक्षरे मात्र एकदाही तिरप्या उजेडात धरली नाहीत, याचे मला आजही फार वाईट वाटते.

मग त्यांनी कडा दाखविल्या. दोन थर होते. कोणीतरी न्यूयॉर्कच्या झिजलेल्या डेमिटचा पुढचा पापुद्रा सोडवला होता, कोणत्या तरी स्वस्त खेळाडूच्या पोलर बेअर कार्डाची पाठ सोडवली होती आणि दोन्ही एकमेकांना चिकटवली होती. दोन्ही कागद शंभर वर्षांपूर्वीचे असल्यामुळेच माझ्या दिव्याने काही सांगितले नाही. ती कडेची फिकट रेघ म्हणजे या जोडणीचा डिंक. आणि पाठीवरचा तो डाग, जो मी अस्सलपणाची खूण समजले होते, तो कडेपाशी येऊन एकदम थांबला होता. तंबाखूचा डाग खरा असता तर कडेत मुरून थोडा तरी पुढे आला असता. पोलर बेअरची पाठ हवी, हे जसे मला माहीत होते, तसेच ते बनवणाऱ्यालाही माहीत होते. संग्राहक ज्या खुणा शिकतो, त्याच खुणा पाहून भामटा काम करतो. यासाठी शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची दोन खरी कार्डे नष्ट केली गेली, हे नुकसान माझ्या पैशांइतकेच मला लागते.

विक्रेत्याला मी फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला की मलाही कोणीतरी फसवले असेल, पाहतो. त्यानंतर फोन उचलला गेला नाही आणि पुढच्या प्रदर्शनात त्याचे टेबल नव्हते. त्याने स्वतः हे केले की त्याच्यापर्यंत ते असेच आले, हे मी सिद्ध करू शकत नाही. म्हणून त्याच्याविषयी इतकेच लिहिते. पैसे पाठविण्याच्या सेवेने नियमावर बोट ठेवले. कार्ड टपालाने आले असल्यामुळे अमेरिकन टपाल खात्याच्या तपास विभागाकडे मी तक्रार नोंदविली आहे. तेथून पोच आली, पुढे काही नाही. तरीही तक्रार करावी, कारण त्याच माणसाविरुद्ध दुसरी आली तर पहिलीला वजन येते.

असे फेरफार फक्त डेमिटपुरते नाहीत. मॅगी या खेळाडूच्या नावातील चुकीचे स्पेलिंग असलेले टी-२०६ कार्ड दुर्मीळ आहे, म्हणून बरोबर स्पेलिंगच्या कार्डातले एक अक्षर बदलण्याचे प्रकार फार जुने आहेत. जो डॉइलच्या कार्डावर चुकून 'नॅशनल' लीगचा उल्लेख छापला गेला होता, तशी कार्डे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. दुरुस्त कार्डात तो उल्लेख घालणे कोणालाही सुचू शकते. १९५९ च्या टॉप्स मालिकेत तर उलटे आहे: काही खेळाडूंच्या पाठीवर बदलीची एक ओळ छापलेली आहे आणि ती ओळ नसलेले कार्ड दुर्मीळ. तेथे काही लिहावेही लागत नाही, नुसते पुसले की पुरे. प्रतवारीच्या पेटीवरही डोळे मिटून विसंबू नये. पेटीचा क्रमांक कंपनीच्या नोंदीत शोधून तेथील वर्णन आणि चित्र हातातल्या कार्डाशी जुळते का ते पाहावे.

आता मी कोणताही पाठभेद घेण्यापूर्वी त्याच मालिकेतले वीस-तीस डॉलरचे साधे कार्ड शेजारी ठेवते आणि फक्त बदललेल्या शब्दाकडे पाहते, बाजूने दिवा धरून, मग दहापट भिंगातून. विक्रेता त्याच भागाचे छायाचित्र देत नसेल तर बोलणे तेथेच थांबवते. प्रतवारी न केलेले महाग कार्ड असेल तर पैसे प्रतवारीनंतर, आणि तेही संरक्षण असलेल्या मार्गानेच. शुल्क मी भरते. एका जाणत्या विक्रेत्याने ही अट मान्य केली आणि मला सेंट लुईसचा ओ'हारा मिळाला, फाटक्या कोपऱ्याचा, सर्वांत खालच्या श्रेणीचा, पण खरा.

बनावट डेमिट मी फेकलेला नाही. माझ्यामागे मुलाने तो खरा समजून विकू नये, म्हणून त्याच्या पाठीवर, निळ्या जाहिरातीच्या आडवे, पक्क्या शाईने मराठीत आणि इंग्रजीत 'बनावट' असे लिहून ठेवले आहे. तिरप्या उजेडातली छायाचित्रेही त्याच पाकिटात आहेत. वहीत न्यूयॉर्कच्या डेमिटशेजारची जागा सध्या रिकामी आहे.