साधी दख्खनी की नारी सुवर्णा?
दख्खनी मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. पाच महिने गाभण, मग दूध पाजणं, आणि हाती एकच जीव. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या चिमुकल्या गरोल मेंढीतलं जुळी देणारं 'फेक-बी' जनुक दख्खनीत आणलं आणि नारी सुवर्णा ही मेंढीची जात घडवली. तिला जुळी होणं नेहमीचं.

खरी किमया नराची. जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा साध्या मेंढ्यांत सोडला, की प्रत्येक कोकराला एक प्रत मिळतेच. नराकडे एकच असेल तर साधारण निम्म्यांना. पण पहिल्याच वेताला जुळ्यांची आशा धरू नका. गुण दिसतो तो त्याच्या लेकी व्यायला लागल्यावर. म्हणून नर घेताना जनुक-तपासणीचा निकाल मागाच.

एक प्रतीची मेंढी मला सगळ्यात सोयीची वाटते. दोन प्रतींच्या मेंढीला तिळीही होतात, आणि दूध पुरत नाही.

चारा-खुराक दारात असेल तर सुवर्णा घ्या. रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरवाड्याला मात्र साधी दख्खनीच बरी. वाटचालीत जुळ्यातलं दुबळं कोकरू मागे पडतं.