'ट्रेंटन काउंटी'चं सर्टिफिकेट

2021 साली एडिसनमधल्या एका दुकानात सेल्फ-चेकआउटला कार्टच्या खालच्या दांड्यावरची तांदळाची पिशवी आणि एक कुकर माझ्याकडून स्कॅन करायचा राहिला. दाराशीच अडवलं. पोलिस आले, बोटांचे ठसे घेतले, हातात समन्स ठेवलं. न्यू जर्सीत 200 डॉलरच्या आतलं शॉपलिफ्टिंग 'डिसऑर्डर्ली पर्सन्स' या किरकोळ अपराधांच्या वर्गात मोडतं, म्हणून केस म्युनिसिपल कोर्टात गेली. दुकानाचा साक्षीदार दोन तारखांना फिरकलाच नाही आणि केस डिसमिस झाली. तरी रेकॉर्डवर अटक राहिलीच.

पुढे सिटिझनशिपचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा पोटात गोळा आला. कुणाला विचारायची सोय नाही, आपल्या लोकांत तर मुळीच नाही. अशात मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका 'कन्सल्टंट दादां'चा मेसेज दिसला : रेकॉर्ड 30 दिवसांत कायमचं साफ, एफबीआयसकट, गॅरंटीने. फोन केला. "ताई, टेन्शन घेऊ नका, अशा केसेस मी रोज करतो." पहिल्याच फोनवर माझं माहेर कुठलं तेही विचारून झालं. वकील आहात का, हे मी विचारलं नाही. माणूस मराठी बोलतो एवढ्यावरच मी विरघळले.

1,200 डॉलर त्यांचे आणि 250 'स्टेट फायलिंग फी', सगळे झेल (Zelle) या पैसे पाठवायच्या अॅपने पाठवले. महिन्याभरात ईमेलवर रेकॉर्ड साफ झाल्याच्या सर्टिफिकेटची पीडीएफ आली. सोनेरी शिक्का, खाली वळणदार सही आणि वर 'ट्रेंटन काउंटी'. मी ती प्रिंट काढून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली, आता हसू येतं. नवऱ्याने चहा पिता पिता सहज वाचली आणि म्हणाला, "अगं, ट्रेंटन हे शहर आहे. काउंटी मर्सर." आणि माझी केस तर मिडलसेक्सची!

दादांना फोन लावला तर उचलेनात. मेसेजला एकदाच उत्तर आलं : "रेकॉर्ड गेलंय, फॉर्मवर 'नो' लिहा."

पैशांपेक्षा या एका ओळीने मला जास्त खोल खड्ड्यात घातलं असतं. न्यू ब्रन्सविकला एका खऱ्या वकीलबाईंना गाठलं, त्यांनी कपाळाला हात लावला. सिटिझनशिपच्या फॉर्मवर कधीही झालेली अटक सांगावीच लागते, एक्सपंज झालेली, म्हणजे कोर्टाच्या ऑर्डरने रेकॉर्डवरून काढलेलीसुद्धा. एक्सपंजमेंट राज्याच्या कायद्याने होते आणि इमिग्रेशन फेडरल, ते राज्याचा पडदा मानत नाही. लपवलं तर मूळ गोष्टीपेक्षा लपवणंच महागात पडतं. म्हणून एक्सपंजमेंटच्या आधी म्युनिसिपल कोर्टातून केस डिसमिस झाल्याची सर्टिफाइड प्रत काढून ठेवायची, नंतर ती मिळवताना नाकी नऊ येतात.

आणि ती 250 डॉलरची फी? न्यू जर्सीत एक्सपंजमेंटच्या अर्जाला फायलिंग फीच उरलेली नाही. अर्ज काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जातो, ऑनलाइन स्वतःही करता येतो, डिसमिस झालेल्या केसला वर्षानुवर्षं थांबावं लागत नाही. प्रॉसिक्यूटर (सरकारी वकील) आणि स्टेट पोलिसांना नोटीस जाते आणि शेवटी न्यायाधीशांच्या सहीची ऑर्डर मिळते. सोनेरी शिक्क्याचं सर्टिफिकेट वगैरे काही नसतं, 30 दिवसांची गॅरंटी तर कोर्टसुद्धा देत नाही. मला आठ महिने लागले. वकील परवडत नसेल तर लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीकडे विचारा, उत्पन्न कमी असेल तर ते फुकट मदत करतात.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. राज्याच्या कन्झ्युमर अफेअर्स (ग्राहक) खात्याकडे तक्रार टाकली आहे. ग्रुपवरही सगळं लिहिलं होतं, पण "सणासुदीचे वाद नकोत" म्हणून अॅडमिनने दहा मिनिटांत डिलीट केलं. दादांचा दिवाळी ऑफरचा मेसेज मात्र अजून तिथेच आहे.