दहा इंची टेबल सॉ, वागळे इस्टेटच्या गाळ्यात: वॅट नंतर बघा, आधी रायव्हिंग नाईफ बघा

ठाणे-नवी मुंबईत छोटं फर्निचरचं काम करणारे किंवा हौसेने लाकूडकाम करणारे जे कोणी टेबल सॉ (टेबलातून वर आलेल्या गोल फिरत्या ब्लेडवर लाकूड सरकवून कापायची मशीन) घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय. आम्ही दोघा मित्रांनी वागळे इस्टेटमधल्या गाळ्यात दहा इंची जॉबसाईट सॉ घेतली, म्हणजे ती फोल्डिंग स्टँडवाली, ॲल्युमिनियम टॉपची, सिंगल फेजवर चालणारी. उन्हाळ्यात घेतली, अख्खा पावसाळा वापरली, साग, पाइन, प्लाय, एमडीएफ सगळं कापून झालं, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या साईजच्या मशीन साधारण एकाच घडणीच्या असतात आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही मशीनला लागू आहे. पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार मायटर गेजचा (टेबलाच्या खाचेत सरकणारा, आडव्या-तिरक्या कापाला लाकूड टेकवायचा भाग), त्याबद्दल शेवटी.

दुकानात गेलात की बोलणं वॅटवरून सुरू होतं, ही अठराशेची, ती दोन हजारची, मग डिस्काउंट, मग फ्री ब्लेड. वॅट महत्त्वाचे आहेत, नाही असं नाही, पण आपल्या कामाला दोन्ही पुरतात. मी म्हणेन आधी मशीनच्या मागे जा आणि ब्लेडच्या पाठीमागे जी पोलादी पट्टी उभी असते ती बघा. तोच रायव्हिंग नाईफ. ब्लेड वर-खाली केलं की तो पण वर-खाली झाला पाहिजे, ब्लेड तिरकं केलं की तो पण तिरका झाला पाहिजे, आणि ब्लेडच्या दात्यांपासून त्याचं अंतर ३ ते ८ मिमीच्या आत राहिलं पाहिजे. हलवून बघा, खिळखिळा असेल तर मशीन घेऊ नका.

एवढं का सांगतोय तर ज्या दुकानातून आम्ही घेतली त्यांचा माणूस मशीन जोडून द्यायला आला, स्टँड लावला, ब्लेड लावलं, आणि गार्ड (ब्लेडवरचं झाकण), रायव्हिंग नाईफ, पुश स्टिक (लाकूड पुढे ढकलायची काठी) तिन्ही खोक्यात ठेवून खोकं बंद केलं. "सर हे कुणी लावत नाही, कामाला अडचण होते." मी लावायला सांगितलं तर त्याला नाईफ बसवायचा लीव्हर कुठे आहे तेच माहीत नव्हतं, शेवटी मॅन्युअल उघडून आम्हीच लावला. मला याचा खरंच राग आला. मशीन विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला असं सांगणं म्हणजे त्याच्या बोटांशी खेळ आहे, आणि नवशिका माणूस बिचारा खरं मानतो, कारण समोरचा कंपनीचा टी-शर्ट घालून आलेला असतो.

आता तो नाईफ करतो काय ते नीट सांगतो. ब्लेड फिरतं तेव्हा आपल्या बाजूचे दाते खाली जात असतात, ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. पलीकडचे दाते मात्र टेबलाखालून वर येत असतात. कापलेली फळी तिरकी होऊन, किंवा काप मागे मिटून, त्या वर येणाऱ्या दात्यांना अडकली की ब्लेड ती उचलतं आणि तुमच्याकडे भिरकावतं. यालाच किकबॅक म्हणतात. २५४ मिमीचं ब्लेड मिनिटाला ४३०० फेऱ्या मारतं असं धरलं तर दात्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर जातो, हिशोब करून बघा. पोटात फळी बसते ते एक, आणि दुसरं त्याहून वाईट, फळी सटकली की तिच्यावर ठेवलेला हात पुढे जातो आणि पुढे ब्लेड असतं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं, "मी सावध असतो" हे इथे चालत नाही. नाईफ कापात उभा असला की फळी मागच्या दात्यांपर्यंत पोचतच नाही.

आपल्याकडे साईटवर काय असतं ते सगळ्यांना माहितीये. प्लायचं टेबल, त्याच्या खालून उलटा ठोकलेला हातातला कटर, ट्रिगरला केबल टाय बांधलेला, आणि वर उघडं ब्लेड. गार्ड नाही, नाईफ नाही, फेन्स, म्हणजे ज्या कडेला टेकवून लाकूड सरळ सरकवतात ती, दोन क्लॅम्प मारलेली पट्टी. आमचे मिस्त्री काका मूळचे सावंतवाडीकडचे, हातात कला अशी की बघत राहावं, ते वर्षानुवर्षं याच टेबलावर काम करतायत. आमची मशीन बघून म्हणाले, "ती पट्टी काढून टाक रे, लाकूड अडेल." मी म्हटलं, "काका, एक काप मारून बघा, मग काढू."

जुन्या घराच्या चौकटीचा साग होता, वखारीतून आणलेला. लोहचुंबक फिरवून खिळे आधीच काढले होते. काकांनी उभा काप सुरू केला. अर्ध्यावर गेला असेल, ब्लेडच्या मागची फट मिटायला लागली, डोळ्यांदेखत, जुन्या लाकडात ताण असतो तो मोकळा झाला की असं होतं. दोन्ही बाजूंनी लाकडाने नाईफ घट्ट पकडला. मोटारचा आवाज किंचितही बदलला नाही, फक्त फळी पुढे जाईना. काकांनी गुडघ्याने मशीन बंद करायचं लाल पॅडल दाबलं, ब्लेड पूर्ण थांबू दिलं, फटीत एक पाचर ठोकली, पुन्हा चालू करून काप पुरा केला. काढल्यावर नाईफच्या दोन्ही अंगांना सागाचा तपकिरी ओरखडा होता, ते सगळं लाकूड नाहीतर मागच्या दात्यांवर बसलं असतं. काका काही वेळ बोललेच नाहीत, मग विचारलं, "माझ्या टेबलाला बसेल का रे असलं काही?" उलट्या कटरला ब्लेडसोबत वर-खाली होणारा नाईफ बसवायला जागाच नसते, त्यामुळे नाही म्हणावं लागलं. आता लांब उभे काप असले की काका लाकूड आमच्याकडेच घेऊन येतात, आणि आम्हाला ते फार बरं वाटतं.

दुसरी बघायची गोष्ट स्विच. लाईट गेली आणि परत आली तर मशीन आपोआप चालू होता कामा नये. आपल्याकडे पावसाळ्यात लाईटचं काय असतं ते सांगायला नको, आणि केबल टायवाला कटर लाईट आली की आपला आपण सुरू होतो, तेव्हा कुणी ब्लेडजवळचा भुसा झटकत असेल तर? दुकानातच टेस्ट करा, मशीन चालू करून भिंतीवरचं बटण बंद करा, पुन्हा चालू करा, मशीन गप्प राहिली पाहिजे. आणि बंद करायचं पॅडल गुडघ्याने लागेल एवढं मोठं पाहिजे, कारण अडचणीत दोन्ही हात लाकडावर असतात.

तिसरी गोष्ट फेन्स. आमच्या मशीनचा रॅक अँड पिनियनवाला (दातेरी पट्टी आणि दातेरी चाक) आहे, नॉब फिरवला की पुढचं-मागचं टोक बरोबर सरकतं, यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्या. साधा फेन्स दर वेळी लॉक करताना मागून हलतो आणि दर वेळी टेपने दोन्हीकडे मोजत बसावं लागतं.

खोक्यातून काढलेली मशीन सरळ कापते असं धरून चालू नका. प्लग काढून ठेवायचा, बटण बंद केलं एवढ्यावर भागवायचं नाही. ब्लेडच्या एका दात्यावर मार्करने खूण करायची, तो दाता पुढे आणून मायटरच्या खाचेपासून कॉम्बिनेशन स्क्वेअरने (सरकत्या पट्टीच्या गुण्याने) अंतर घ्यायचं, मग तोच दाता हाताने फिरवून मागे न्यायचा आणि पुन्हा घ्यायचं. दाता तोच पाहिजे, नाहीतर ब्लेडचाच बाक मोजला जातो. आमच्याकडे मागे कागदाच्या घडीएवढा फरक होता, टेबलाखालचे बोल्ट सैल करून सरळ केला. त्यानंतर फेन्स त्याच खाचेला समांतर. फेन्स मागच्या बाजूला ब्लेडकडे अजिबात झुकलेला नको, झुकला की लाकूड मागे आवळलं जातं आणि किकबॅकला आमंत्रणच. उलट केसभर बाहेर गेलेला चालेल. काटकोन बघायला ब्लेडला गुण्या लावायचा, दात्याला न टेकवता सपाट भागाला, आणि मग एक रुंद तुकडा कापून त्यातला एक भाग उलटा करून जोडायचा. फट दिसली तर चूक दुप्पट होऊन दिसते, लपत नाही. ब्लेडभोवतीची प्लेट टेबलाशी सपाट करा, तिला छोटे स्क्रू असतात.

ब्लेडबद्दल एक गोष्ट इथल्या दुकानांत कुणी सांगत नाही. नाईफची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या (दाते पाडतात त्या फटीच्या) जाडीपेक्षा कमी लागते. म्हणजे काप २.६ मिमीचा, पत्रा १.८ चा, तर नाईफ २.२-२.३ चा बसेल. बऱ्याच नाईफवर हे आकडे कोरलेले असतात, फोटो काढून दुकानात घेऊन जा. ब्लेडच्या मधल्या भोकाचंही तसंच, बाजारात २५.४ मिमीची आणि ३० मिमीची अशी दोन्ही ब्लेडं मिळतात, मोठं भोक नुसतं घट्ट आवळून चालत नाही, बरोबर मापाची रिंग पाहिजे. उभ्या कापाला २४ दात्यांचं, प्लाय आणि लॅमिनेटला ६० दात्यांचं. लॅमिनेटची चांगली बाजू वर ठेवा, हातातल्या कटरच्या उलट.

वापरताना ग्लोव्ह्ज घालू नका. ऐकायला विचित्र वाटतं पण ग्लोव्ह दात्यात अडकला की अख्खा हात आत ओढला जातो. कडं, गंडा, राखी, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं आयकार्ड, सगळं काढून किंवा बांधून. ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, थोडं डावीकडे. हात आणि ब्लेडमध्ये वीतभर अंतर राहत नसेल तर पुश स्टिक, आणि ती फेन्सवर लटकवलेली असू दे, शोधावी लागली तर कोणी वापरत नाही. फेन्स आणि मायटर गेज एकाच कापाला एकत्र नको, तुकडा मधे अडकतो. वाकडी फळी आधी रंध्याने एका कडेला सरळ करून घ्या. आणि ८ बाय ४ चा अख्खा १८ मिमी शीट या मशीनवर चढवू नका, तीस किलोच्या वर वजन असतं, एवढीशी मशीनच कलंडायला बघते. तो आम्ही जमिनीवर थर्माकोलवर ठेवून कटर आणि पट्टीने आधी तोडतो.

अमेरिकेत सॉस्टॉप नावाची मशीन मिळते, बोट लागलं की ५ मिलिसेकंदात ब्लेड थांबतं, हॉट डॉग लावून डेमो देतात, व्हिडिओ बघितले असतीलच. १९९९ मधली कल्पना आहे. तशी मशीन आपल्या बजेटमध्ये येईल तेव्हा मी पहिला रांगेत असेन, पण तोवर जो नाईफ खोक्यात फुकट मिळतो तो तरी लावूया ना.

लाईटचं म्हणाल तर १८०० वॅटची मशीन साधारण ८ अँपियर घेते, चालू होताना बरंच जास्त, त्यामुळे १६ अँपियरचा सॉकेट, अर्थिंग तपासलेलं, आणि एमसीबी सारखा पडत असेल तर इलेक्ट्रिशियनला सी कर्व्हबद्दल (चालू होतानाचा जास्त करंट सोसणारा एमसीबी) विचारा. एक्स्टेंशन २.५ स्क्वेअर मिमी वायरचं, पूर्ण उलगडलेलं. फ्लॅटच्या बाल्कनीत लावायचा विचार असेल तर नका लावू, घोडबंदरच्या कुठल्याही सोसायटीत पहिल्याच रविवारी तक्रार येईल आणि ती रास्त असेल. रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ही मशीन १०० च्या आसपास ओरडते. कानाला मफ लावा. भुशासाठी मागे व्हॅक्यूम जोडला तरी ब्लेडच्या वरून बराच उडतो, म्हणून मास्क पाहिजेच, लाकडाचा भुसा कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलंय.

पावसाळ्यात टॉपला काही झालं नाही, ॲल्युमिनियम आहे, पण खालच्या उंची-तिरकेपणाच्या स्क्रूवर भुसा आणि दमट हवा मिळून गच्च थर बसतो. ब्रशने साफ करून कोरडं वॅक्स लावतो. सिलिकॉन स्प्रे मारू नका, तो लाकडाला लागला की वरचं पॉलिश धरत नाही.

राहिला मायटर गेज. खाचेत डावी-उजवीकडे हलतो, नव्वद अंशाचा काप दर वेळी वेगळा येतो, एवढ्या पैशांत हे पटत नाही. बारच्या कडेला ॲल्युमिनियम टेपचा एक थर चिकटवून बराचसा हलायचा थांबलाय, पण फोटो फ्रेमसारखं काम असेल तर दोन पट्ट्यांवर चालणारा क्रॉसकट स्लेड (आडव्या कापासाठी लाकूड ठेवून टेबलावर सरकवायचा पाट) १२ मिमी प्लायचा बनवून घ्या, पाठीमागे जिथून ब्लेड बाहेर येतं तिथे जाड लाकडी ठोकळा लावून, म्हणजे अंगठा तिथे जाणार नाही.