लिंबूफुलावर आठ महिने: चांदीकामातलं ॲसिड बदललं त्याचा अनुभव

डाख दिल्यावर, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडल्यावर, चांदी काळवंडते आणि सांध्यापाशी वितळलेल्या टाकणखाराची काच चिकटून बसते. हे दोन्ही उतरवायला मी सहा वर्षं पातळ केलेलं गंधकाम्ल वापरलं. कामाला ते चोख होतं, दोन मिनिटांत दागिना पांढराशुभ्र. पण शिंतोडा उडालेला कळायचा नाही आणि धुतल्यावर ओढणीला भोक दिसायचं. एकदा घाईत तापलेलं कडं तसंच भांड्यात सोडलं. फस्सकन वाफ उठली आणि दोन दिवस घसा खवखवत राहिला. तेव्हा ठरवलं, पुरे.

आता वापरते ते सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल. एक लिटर पाण्याला साधारण १२५ ग्रॅम.

पहिला महिना मी वैतागले होते. द्रावण थंडच ठेवायची, कारण गंधकाम्ल थंड असलं तरी निभायचं. लिंबूफूल थंड असलं की अंगठी रात्रभर बुडवून ठेवावी लागते. मग विजेवर चालणारं चिनीमातीचं भांडं आणलं, ६० अंशांच्या आसपास ठेवायला लागले, आणि तेच काम दहा मिनिटांवर आलं. टाकणखार जाड बसला असेल तर आधी साध्या गरम पाण्यात भिजवते, वेळ निम्मा वाचतो. उकळी मात्र येऊ देऊ नका. वाफेबरोबर ॲसिडही नाकात जातं, मग बदलून काय मिळवलं? ॲल्युमिनियमचं भांडं तर नकोच. लोखंडी चिमट्याचा नियमही जुनाच: तांबं विरघळलेल्या द्रावणात लोखंड गेलं की चांदीवर तांब्याचा गुलाबी मुलामा चढतो. मी बांबूचा चिमटा वापरते.

पितळेवर मात्र निराशा. सांधलेलं पितळ बाहेर येतं ते तांबूस होऊन. त्यावर उपाय आहे: वेगळ्या वाडग्यात थोडं ताजं द्रावण, त्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पाच-सात मिनिटं लक्ष ठेवून उभं राहायचं. ऑक्सिजन सुटत असतो, म्हणून वर झाकण नको. रोजच पितळ करणाऱ्याला हा उद्योग जाच वाटेल.

स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के शुद्ध चांदीत उरलेले ७.५ टक्के बहुतेक तांबंच असतं, आणि तापवल्यावर तेही काळवंडतं. त्यामुळे पृष्ठभागाखाली बसणारा करडा डाग लिंबूफुलाने जात नाही. तो गंधकाम्लानेही जात नव्हता, म्हणून त्याचे गुण कापत नाही.

बुरशीची गंमत सांगायलाच हवी. पंधरा दिवस काम बंद होतं, परत आले तर भांड्यावर पांढरी लव. कारखान्यात सायट्रिक ॲसिड बनवतात ते ॲस्परजिलस नायजर नावाच्या बुरशीकडूनच, तेव्हा हे माहेरपण म्हणायचं! आता मोठ्या सुट्टीआधी भांडं रिकामं करते.

रिकामं करायचं कुठे, इथे मी सपशेल चुकले. खाण्यातला पदार्थ म्हणून सुरुवातीचे दोन घाणे सरळ मोरीत ओतले. पण ते निळसर झालेलं पाणी म्हणजे विरघळलेलं तांबं, आणि ते पाण्यातल्या जिवांना विषारी. नंतर खायचा सोडा घालून पाहिला. फेस आला, आम्लपणा गेला, पण निळा रंग तसाच. कारण कळल्यावर स्वतःवरच हसले. कॉलेजात साखर तपासायला बेनेडिक्टचं द्रावण वापरायचो, त्यात सायट्रेट असतं ते नेमकं याचसाठी, की तांबं खाली बसू नये. म्हणजे तांब्याच्या बाबतीत हे ‘सौम्य’ ॲसिड जास्तच चिवट. हल्ली सोडा घालायच्या आधीच पोलादी लोकर टाकून ठेवते. लोखंड विरघळतं आणि तांबं त्यावर लालसर गाळ होऊन बसतं. तरी उरलेलं पाणी मोरीत नाही, डब्यात.

चांदी काळी करायला लिव्हर ऑफ सल्फर (गंधक आणि पोटॅशियमचं संयुग) वापरत असाल तर दोन्ही भांडी वेगळ्या टेबलांवर ठेवा. त्यात कुठलंही ॲसिड पडलं, अगदी हे लिंबूफूलही, तरी हायड्रोजन सल्फाइड सुटतो, आणि तो विषारी वायू आहे. मी तर ते सोडूनच दिलं. उकडलेलं अंडं कुस्करून दागिन्यासोबत बंद पिशवीत ठेवते. काळेपणा हळूहळू चढतो आणि हवा तिथे थांबवता येतो.

याच काळात दुसरा बदल सोल्डरचा, म्हणजे डाख द्यायला वितळवतात त्या धातूचा. माझ्याकडे एक जुनी, चिठ्ठी नसलेली तार होती, लोण्यासारखी वाहायची. ती कॅडमियमची निघाली. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि टॉर्चची ज्योत त्याच्या कितीतरी पुढे असते. धूर छातीत गेला तरी लगेच काही जाणवत नाही, काही तासांनी फ्लूसारखं अंग मोडून येतं, आणि फुफ्फुसाची खरी इजा तेव्हाच चाललेली असते. युरोपियन संघाने २०११ मध्ये दागिन्यांतल्या कॅडमियमवर वजनाच्या ०.०१ टक्क्याची मर्यादा घातली. नवं बिनकॅडमियमचं सोल्डर मला अजून आवडलेलं नाही. ७०० अंशांच्या पुढे न्यावं लागतं आणि फट भरून काढत नाही, त्यामुळे सांधा कानसून तंतोतंत बसवावा लागतो. बारीक साखळीच्या दोन कड्या मी वितळवूनही बसले. तरी जुनी तार परत काढणार नाही. पंखा मात्र अजून चालूच असतो, कारण जस्ताचा धूर यातही आहे.

चांदीचं थोडंथोडं काम करणाऱ्याने लिंबूफूल जरूर घ्यावं. दिवसाला पन्नास नग काढणाऱ्याला त्याचा संथपणा सोसणार नाही.

आणि बरणीवर चिठ्ठी लावा. इंग्रजी पुस्तकांत या द्रावणाला पिकल म्हणतात. मी तेवढंच नाव लिहून ठेवलं होतं, तर घरातल्या एकाने लोणचं समजून झाकण उघडलं. आता तिथे मराठीत, लाल अक्षरांत लिहिलंय: तांबं आहे, खायचं नाही.